‘विचार करण्यात येईल’

माझ्या बोटांखालून आजवर हजारो ‘येईल’ गेले असतील. देण्यात येईल, घेण्यात येईल, कारवाई करण्यात येईल. कोण देणार, कोण घेणार, कोण करणार, त्याचा कुठे पत्ता नाही. सव्वीस वर्षं मी डिचोलीला एका वकिलांकडे टायपिंग करते आहे, आणि कागदावरच्या या बिनमाणसाच्या भाषेची मला एकेकाळी गंमत वाटायची. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर मी नवऱ्याला सांगायची, मीठ घालण्यात येईल. आता नाही सांगत. एका ‘येईल’चं मी काय करून ठेवलं ते लिहायला बसले आहे, आणि लिहिताना स्वतःला सोडायचं नाही असं ठरवलं आहे, कारण त्या दिवसांत मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

आमचं ऑफिस म्हणजे बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत वकीलबाब, बाहेरच्या खोलीत अशिलांसाठी एक बांक आणि जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, माझं टेबल. मधलं दार कायम उघडं. वकीलबाब सत्तरीच्या पुढचे, हुशार, आणि आपली हुशारी ऐकवायला कोणी मिळालं की जेवण विसरणारे. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, नवा चष्मा अजून मिळायचा होता. तोवर प्रत्येक कागद मी वाचून दाखवायची आणि ते बोटाने जागा चाचपून सही करायचे. “माझे डोळे म्हणजे तूच गो, बाय,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

आमच्या अशिलांपैकी एक कंत्राटदार पेडण्याचा. नवा विमानतळ झाल्यापासून त्या बाजूला जी हॉटेलं उगवली त्यांना राखणदार, माळी, झाडूवाले पुरवायचा त्याचा धंदा. बोलायला गोड. त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, आणि का कोण जाणे, तो जिना चढायला लागला की मी उगाच टेबलावरचे कागद सारखे करायला लागायची. वर्षभरापूर्वी त्याने पेपरात जाहिरात दिली होती: राखणदार पाहिजेत, राहणं-जेवण देऊ, अर्जांचा विचार करण्यात येईल. कोल्हापूर-बेळगावकडून माणसं वळकट्या घेऊन उतरली. त्याने मूठभर घेतली, बाकीच्यांना हात जोडले. त्यातल्या काहींनी एकत्र येऊन तक्रार केली, की पेपरात छापलंस ते वचन, आम्ही घरची कामं सोडून आलो. त्यांना आम्ही उत्तर पाठवलं. वकीलबाबांनी सांगितलं, मी टाईप केलं: जाहिरात म्हणजे प्रस्ताव नव्हे, ते केवळ आमंत्रण, प्रस्ताव तुमचा अर्ज, तो स्वीकारायचा की नाही ही आमच्या अशिलाची मर्जी, जाहिरातीत विचार करण्यात येईल असे म्हटले होते, विचार करण्यात आला आहे. ती माणसं आली तशी परत गेली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं का? थोडं. पण मसुदा झकास झाला होता हेही मला वाटलं होतं.

त्याची बायको आमच्या इब्रामपूरची. माझ्या माहेरापासून तिचं घर हाकेच्या अंतरावर, आणि तिला मी परकरात पाहिलेली. लग्नानंतर ती दोनदा नवऱ्याबरोबर ऑफिसात आली, कुठल्याशा जमिनीच्या कागदांवर सह्या करायला. पहिल्या खेपेला उजव्या मनगटाला पट्टी होती. “न्हाणयेत पडली,” तो हसत म्हणाला. दुसऱ्या खेपेला डाव्या. आमच्याकडच्या न्हाण्या निसरड्या असतात हे खरं, पण इतक्या नाही.

तिसऱ्यांदा ती एकटीच आली, भर दुपारी, वकीलबाब कोर्टात गेले होते तेव्हा. बस म्हटलं तर बसली नाही.

“ताई, मी घरातसून भायर पडलंय तर कायद्यान माका परत व्हरूक येता?”

“कायद्यानं सज्ञान बाईला कोणी ओढून नेऊ शकत नाही,” मी म्हटलं. वकीलबाबांच्या आवाजात म्हटलं, छाती पुढे काढून.

“खरां मगो?”

“खरं.”

मग ती बांकावर बसली आणि म्हणाली की पिशवी खाली रसवंतीवाल्याकडे ठेवून आलेय. म्हणजे ती विचारायला नव्हती आली, निघूनच आली होती. मी नवऱ्याला फोन केला. नवरा माझा खाणीवर मशीन चालवायचा. खाणी बंद झाल्यापासून घरी. मिळेल ते करायचा, बहुतेक काही मिळायचं नाही. त्याने मित्राची जीप आणली, तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “चेडवां काय मार खावक जल्माक येतत?” चेडवां म्हणजे मुली. वाळपईच्या पुढे माझ्या मावशीचं सुपारीचं कुळागर, म्हणजे बागायत, आहे. मावशी एकटी राहते. तिथे त्याने तिला संध्याकाळच्या आत पोचवलं. तिच्यासाठी वाटेत उंडे पाव आणि केळी घेतली हेही त्याने मला नंतर सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा नव्याने आवडायला लागावा असं सहसा होत नाही. त्या दिवशी मला झालं.

हे तिघांना ठाऊक होतं. मला, नवऱ्याला, मावशीला.

अकराव्या दिवशी कंत्राटदार जिना चढून आला. बांकावर न बसता तो सरळ आत गेला आणि वकीलबाबांच्या टेबलावर पेपरची दोन कात्रणं ठेवली. मी ती वाचून दाखवली. ‘माझी पत्नी घरातून निघून गेली आहे. माहिती देणाऱ्यास योग्य ते बक्षीस देण्यात येईल.’ दोन पेपरात दिलं, म्हणाला, एक फोन नाही. पोलिसांत जायचं नव्हतं त्याला, नाव खराब होतं म्हणून.

“लोकांक माझो विश्वास नाय,” तो अगदी शांतपणे म्हणाला. “मागच्या खेपेक तुमीच म्हणाल्यात, जाहिरात म्हणजे वचन न्हय. आता माका वचन जाय. असां लिवा, की वाचणाऱ्याक वाटूक जाय, ह्यो फिरूचो नाय.”

वकीलबाब खुर्चीत सरसावून बसले. पक्कं वचन कसं लिहायचं, असा प्रश्न त्यांना कितीतरी दिवसांत कोणी विचारला नव्हता.

“पाववाला पोदेर सकाळी हॉर्न वाजवीत जातो,” ते म्हणाले. “वाजवला म्हणून त्याने पाव दिलाच पाहिजे असं नाही. संपला असेल तर हात हलवून पुढे जाईल. हॉर्न म्हणजे बोलावणं. देवळातल्या पावणीत फळं लिलावाला काढतात, कोण घेतो कोण घेतो म्हणून ओरडतात, तेही बोलावणं. बोली तुम्ही लावता, आणि तिसरी हाक होईपर्यंत कोणी कोणाला बांधलेला नाही. भरतीच्या, सेलच्या जाहिराती सगळ्या त्यातल्या. ‘योग्य ते बक्षीस’ही त्यातलंच. योग्य म्हणजे काय? गुळाचा खडासुद्धा योग्य.”

“मगे?”

“आता आंगवण घ्या.” आंगवण म्हणजे आमच्याकडे नवस. “पोराचा ताप उतरू दे, देवा, तुला नारळाचं तोरण बांधीन. देव येऊन सांगतो का, मान्य आहे म्हणून? तो ताप उतरवतो. उतरला की माणूस अडकला. ‘अमुक करा, अमुक देईन’ अशी नेमकी जाहिरात म्हणजे आंगवण. साऱ्या जगाला केलेला प्रस्ताव. ज्याने ते काम केलं त्याचा करार झाला. मला मान्य आहे असं सांगायलासुद्धा त्याने यायला नको. फक्त देवाच्या जागी रस्त्यावरचा कोणीही.”

“कोणीय?”

“जाहिरात वाचलेला कोणीही. ही बसून टाईप करते आहे ना, तीसुद्धा.”

कंत्राटदाराने मान वळवून उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण नसेल.

“इब्रामपूरची मगो तू?”

“होय,” मी म्हटलं.

“मगे बरां. तुकाय लागू आसा ही.”

मी मान खाली घालून तारीख टाईप केली.

बक्षीस काय ठेवायचं हे त्याने आधीच ठरवलं होतं. पैसे म्हटले तर लोक हसतील, पण नोकरी म्हटली तर आमच्या दोन्ही तालुक्यांत असं घर नाही जिथे कोणाचे कान टवकारणार नाहीत. वकीलबाबांनी सांगितलं, मी ऐकलं: ‘सदर महिलेचा ठावठिकाणा जी व्यक्ती प्रथम कळवील व त्या माहितीवरून ती सापडेल, त्या व्यक्तीच्या घरातील एकास आमच्याकडे कायमची नोकरी देण्यात येईल.’ एकेक शब्द खिळा ठोकल्यासारखा. प्रथम. सापडेल. एकास. कायमची. पळवाट म्हणून कुठे ठेवली नव्हती त्यांनी.

आणि मी टाईप केलं, ‘कायमची नोकरी देण्याबाबत विचार करण्यात येईल.’

ते मला सुचलं नाही, बोटांनीच केलं, असं पुढे मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. खोटं आहे. मला नीट सुचलं होतं. बांधलेल्या वचनाला लोक धावतील, सुटलेल्याला नाही. मग वचनच सोडून देऊ, असा माझा हिशेब. मी ते वकीलबाबांना मोठ्याने वाचून दाखवलं ते मात्र ‘देण्यात येईल’ असं. कंत्राटदार तेवढ्यात फोनवर बोलत जिन्याच्या तोंडाशी गेला होता. परत आला, कागदावरून एकदा नजर फिरवली, ‘कायमची नोकरी’पाशी थांबला, मान डोलावली आणि सही केली. माणूस आपल्याला हवं तेवढंच वाचतो. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या दिवशी घरी जाताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी बाजारात थांबून अर्धा किलो बांगडे घेतले. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही. मी त्याला सांगितलं नाही. वकिलाच्या टायपिस्टने अशिलाच्या कागदात शब्द बदलणं ही काही घरी सांगायची मर्दुमकी नाही. तो मित्रांत बोलून गेला, ते माडीवर पोचलं, तर माझी नोकरी गेली, आणि घरात तेवढी एकच नोकरी होती. म्हणून नाही सांगितलं. त्या संध्याकाळी बांगडे तळता तळता सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. हे मी रोज एकदा तरी मनात म्हणते.

जाहिरात रविवारी आली, तिच्या फोटोसकट. लग्नातला फोटो होता, मुंडावळ्या कापून टाकलेला.

सोमवारी बसमध्ये कंडक्टर ती मोठ्याने वाचत होता. शिंप्याने कात्रण आरशाला चिकटवलं होतं. मासळीवाली मला म्हणाली, तुमच्या त्या बाजूची ना ही, काय ऐकलंत का? ती चांगली बाई, माझ्याकडून पैसे नंतर घेणारी, पण तिची सून बारावी पास होऊन घरात बसली होती. ज्यांच्याशी मी रोज बोलत होते त्या सगळ्यांच्या डोळ्यांत एक नवीन नजर आली होती. कोणी वाईट नव्हतं. सगळे फक्त बघत होते. एका जाहिरातीने दोन तालुके तिच्या मागावर सोडले होते, आणि तो कागद माझ्या हातचा होता.

आणि ‘विचार करण्यात येईल’? त्यावर कोणाचं बोट अडखळलं नाही. मी शिंप्याला मुद्दाम म्हटलं, अरे, विचार करू म्हटलंय, देऊ नाही म्हटलेलं. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला.

“गो बाय, मोठो मनीस आनी कसो सांगतलो? ‘पळोवया’ म्हणालो, म्हणजे जालां तां.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे नोकरी अशीच मिळते. मोठ्या माणसाच्या पडवीत जाऊन उभं राहायचं, त्याने वर न बघता ‘पळोवया’ म्हणायचं, बघूया, आणि आपण पेढे घेऊन घरी यायचं. ‘देतो’ म्हणणाऱ्यावर आमचा विश्वास बसत नाही. ‘बघतो’ म्हणणाऱ्यावर बसतो. मी कायद्यातला सैल शब्द निवडला होता, आणि इथल्या कानांना तोच सर्वांत पक्का वाटत होता. गेल्या खेपेची ती बाहेरची माणसं फसली, कारण ती बाहेरची होती, असं इथल्यांना वाटत होतं. आपल्या माणसाचा ‘विचार’ वेगळा.

मी घाबरले. मावशीला फोन करून सांगितलं, तिला अंगणातसुद्धा येऊ देऊ नकोस. वकीलबाबांना आडून विचारलं, की असा प्रस्ताव मागे घेता येतो का. येतो, ते म्हणाले, ज्या मोठ्या आवाजात दिला त्याच आवाजात, आणि कोणी काम पुरं करायच्या आत. मग त्यांनी आपला तो ऑपरेशन झालेला डोळा माझ्याकडे वळवला. “का विचारतेस?” मी म्हटलं, सहज. त्यांनी पुढचा कागद वाचायला सांगितला.

त्याच आठवड्यात एका सकाळी नवरा दाढी करताना म्हणाला, “ती जाहिरात तुझ्या वकिलानच लिवलली मगो?”

“हो.”

“म्हणजे पक्की.”

मी डबा भरत होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की याला शब्द बदललेला कळला की काय. दुसरा विचार यायला जागाच राहिली नाही.

“वकीलबाबांचं लिहिलेलं कधी कच्चं असतं का?” मी फटकन म्हटलं. “आणि तुम्हाला काय करायचंय?”

“काय नाय. असांच,” तो म्हणाला आणि तोंड धुतलं.

आता हे लिहिताना मला वाटतं, तो मला विचारत होता. सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून असं विचारत होता, आणि मी त्याला वकिलाचा शिक्का मारून उत्तर दिलं.

दोन दिवसांनी मी फळीवर अंथरायला जुने पेपर काढले. रविवारच्या पेपरात चौकोनी भोक होतं. कात्रीने, कडा सरळ ठेवून कापलेलं. मी त्या भोकातून पलीकडची भिंत बघत उभी राहिले. तरीही मी स्वतःला सांगितलं की फोटोसाठी ठेवलं असेल, गावची मुलगी म्हणून. बाई माणूस आपल्या घराबद्दल किती खोटं सहज पचवते.

मावशीचा फोन ऑफिसात आला, सकाळी अकराच्या सुमाराला. तीन गाड्या आल्या होत्या. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. पहिल्या गाडीतून त्यांनी इब्रामपूरहून तिच्या बापाला आणलं होतं. म्हाताऱ्याने सुपारीच्या वाफ्यात, सगळ्यांदेखत लेकीच्या पायावर डोकं ठेवलं. ती आत गेली, पिशवी घेतली, मावशीला नमस्कार केला आणि स्वतःच्या पायांनी जाऊन गाडीत बसली. कायद्याने तिला कोणी ओढून नेलं नाही. माझा सल्ला अगदी बरोबर होता.

मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी गेले. नवरा पायरीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून उठला नाही.

“मी सांगलंय,” तो म्हणाला.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारी ऐकत होते. जीपमध्ये तिच्यासाठी केळी घेणारा माणूस हाच का, असं मी विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग एकदाच बोलला.

“इतकी वर्सां तुझ्या जिवार जेवतंय. तू कधी बोलूक नाय, ता खरां. पण घास गिळताना माका कळता.” त्याने शर्टाची बाही सारखी केली. “कायमची नोकरी गो. पेपरात. वकिलाच्या हातची. एकदा तुका विचारून घेतलंय, तू म्हणालंस पक्की.”

मग मी त्याला सांगितलं. पक्की नाही. मी शब्द बदलला होता. त्याने खिशातून कात्रण काढलं, घडी उलगडली, आणि मी बोट ठेवलेला शब्द वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा राग निघून गेला आणि तिथे जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

“माका नाय सांगलंस?” तो म्हणाला. “माका?”

तरीही दुसऱ्या दिवशी तो गेला कंत्राटदाराकडे. आशा सुटत नाही. कंत्राटदाराने त्याला चहा दिला, उद्या सांगतो म्हणाला, आणि उद्या आमच्या माडीवर आला.

वकीलबाबांचा नवा चष्मा त्याच आठवड्यात आला होता.

“सांगणाऱ्याक खरांच देवक लागता काय?” कंत्राटदाराने विचारलं.

“लागतं,” ते ठसक्यात म्हणाले. “मीच लिहिलंय ना तसं. आंगवण केलीत, आता फेडा.”

“एकदा वाचून बघा.”

त्यांनी कात्रण हातात घेतलं. पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. मी जनेलाबाहेर बघत होते, तरी त्यांची नजर कुठल्या ओळीवर थांबली ते मला कळलं. खाली रसवंतीची घुंगरं वाजत होती. मी वाट बघत होते की आता ते मला हाक मारतील, आणि ती हाक यावी असंच मला वाटत होतं. हाक आली नाही.

“नाही,” ते शेवटी म्हणाले. “बांधलेले नाहीत तुम्ही. विचार करण्यात येईल असं आहे. विचार केलात?”

“केलंय.”

“मग झालं.”

कंत्राटदार हसला. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, “टायपिंग बरां आसा तुझां.” त्याला कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. आणि तेव्हा मला नीट दिसलं, की माझ्या शब्दाने एकाच माणसाची सुटका केली होती. ती बाई धरली गेली, माझा नवरा स्वतःच्याच नजरेतून उतरला, आणि ज्याला अडकवायला आंगवण होती तो मोकळा झाला. वकीलबाबांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, कामावरूनही काढलं नाही. फक्त तेव्हापासून प्रत्येक कागद ते स्वतः वाचतात, शब्दाखाली बोट फिरवत, आणि मी समोर उभी राहते.

पंधरा दिवसांनी कंत्राटदार तिला घेऊन आला. प्रतिज्ञापत्र करायचं होतं, पुढे कोणी काही विचारलं तर असावं म्हणून. वकीलबाबांनी सांगितलं, मी टाईप केलं: मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय माझ्या पतीच्या घरी परत आले आहे. एक अक्षर बदललं नाही. कंत्राटदार गाडी नीट लावायला म्हणून खाली गेला. वकीलबाब आत कागदपत्रांत. बांकावर ती आणि टेबलापाशी मी.

या खेपेला दोन्ही मनगटं उघडी होती. पदर मात्र तिने त्या उकाड्यात गळ्याभोवती गच्च गुंडाळून घेतला होता. मी कागद आणि पेन घेऊन तिच्यासमोर गेले. मला सांगायचं होतं की मी असं केलं, मला असं वाटलं होतं, मला माफ कर. मी पेन तिच्यापुढे धरलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, ते मला जास्त झोंबलं.

“कोणी सांगल्यान ता माका कळलां,” ती हळू म्हणाली. “तुमच्या घराचीय अडचण माका म्हायत आसा, ताई. तेका नोकरी तरी गावली मगो?”

जिन्यावर पावलं वाजायला लागली होती.

“नाय,” मी म्हटलं.

“मगे फुकटच गेलंय मी,” ती म्हणाली, आणि सही करायला कागद आपल्याकडे ओढला.